पहिल्या जेडायचं अंगण कोण झाडतं?

संपादकानं विचारलं, ‘अमेरिकन पिच्चरवर कशाला लिहितोस? आपल्याकडचे विषय संपले काय?’ मी म्हटलं, विषय आपलाच आहे. फक्त तो इंग्रजी बोलतो आणि अवकाशयानातून हिंडतो. तेव्हा दोस्तहो, नाक मुरडू नका. रामायण-महाभारताची चिरफाड करताना आपण कधी लाजलो नाही. मग या नव्या पुराणाला कशाला सोडायचं? हे पुराण तर आपल्या पोरांच्या टी-शर्टवर आहे, मोबाइलवर आहे. पोथी जुनी असो की नवी, ती वाचताना आपला प्रश्न एकच : यात आपण कुठं आहोत?

पुराणाचं नाव ‘स्टार वॉर्स’. जॉर्ज लुकास नावाच्या दिग्दर्शकानं 1977 साली पहिला पिच्चर काढला. 2012 साली डिस्नेनं त्याची कंपनी चार अब्ज डॉलरच्या वर पैसे मोजून विकत घेतली. 2019 पर्यंत मुख्य कथेचे नऊ भाग झाले. त्यात जेडाय नावाचा एक पंथ आहे. अर्धे साधू, अर्धे लढवय्ये. अंगावर भगव्या-तपकिरी कफन्या, हातात उजेडाची तलवार. सगळ्या चराचरात ‘फोर्स’ नावाची एक शक्ती भरून राहिलीय आणि ती यांना वश आहे. हजारावर पिढ्या आम्ही न्यायाची आणि शांततेची राखण केली, असं हे लोक सांगतात. कोण सांगतं? तेच सांगतात.

आता मुद्द्याचं. पंथ म्हटला की त्याला संस्थापक पाहिजे. 2017 च्या आठव्या भागात, ‘द लास्ट जेडाय’मध्ये, तो दिसतो. दिसतो म्हणजे त्याचं चित्र दिसतं. ल्यूक स्कायवॉकर हा म्हातारा झालेला जेडाय जगावर रुसून समुद्रातल्या एका बेटावर येऊन बसलाय. बेटाचं नाव आक्टो. पंथाचं पहिलं मंदिर इथलंच. डोंगराच्या पोटात एक देवळासारखी जागा आहे. तिथं जमिनीत पाण्याचं उथळ कुंड आणि कुंडाच्या तळाला रंगीत खड्यांचं जडवलेलं चित्र. मांडी घालून, ध्यान लावून बसलेला एक माणूस. अर्धा उजळ, अर्धा काळा. पिच्चरमध्ये त्याचं नाव कुणी घेत नाही. सोबत छापलेल्या चित्रकोशात मात्र खुलासा आहे : हा ‘प्राइम जेडाय’, म्हणजे आद्य जेडाय. पंथाचा मूळ पुरुष.

त्याला नाव नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. त्याचं एक वाक्यसुद्धा कुणाला ऐकू येत नाही. तो कुठल्या जमातीचा, हातानं कुठलं काम करून पोट भरत होता, तेही पिच्चर सांगत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या मेळाव्यात कंपनीनं जाहीर केलं की जेम्स मँगोल्ड हा दिग्दर्शक जेडायांच्या उगमावर पिच्चर काढणार, आणि त्याची कथा नेहमीच्या कथेच्या 25,000 वर्षं मागं घडणार. म्हणजे मूर्ती आधी बसवली, चरित्र मागून लिहायला घेतलं. आपल्याकडं हा धंदा फार जुना आहे.

मुका संस्थापक पुजाऱ्याच्या फार कामाचा असतो. तो उठून म्हणत नाही, ‘ए भडव्या, मी असं कधी बोललो होतो?’ त्याच्या तोंडी काहीही घाला. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात एक विराट पुरुष आहे. त्याच्या तोंडातून ब्राह्मण निघाला आणि पायातून शूद्र. त्यालाही आईबाप नाहीत, गाव नाही. पण त्याच्या नावावर गावोगावच्या जमिनी, विहिरी आणि देवळं वाटली गेली. जोतीबांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त या जन्मकथेला असे खडे सवाल टाकले की ब्रह्मदेवाला पळता भुई थोडी झाली. बाबासाहेबांनी 1946 साली शूद्रांवरच्या आपल्या ग्रंथात पुरुषसूक्ताचा एकेक टाका उसवला. संस्थापकाची चौकशी करायची, हे आपल्याला आपल्या पुढाऱ्यांनीच शिकवलंय. म्हणून मीही आद्य जेडायची चौकशी करतो. त्याच्याकडून उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. म्हणून त्याच्या अंगणात कोण काम करतं ते बघू.

त्या बेटाचं शूटिंग झालं ते ठिकाण खरं आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून साधारण 12 किलोमीटरवर, अटलांटिक समुद्रात एक सुळका उभा आहे. स्केलिग मायकेल. उंची 218 मीटर. वर ख्रिस्ती साधूंचा पुरातन मठ. चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून केलेल्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या झोपड्या. खालून वर जायला दगडाच्या सहाशेवर पायऱ्या. 1996 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं. हा मठ स्थापन कुणी केला? परंपरा म्हणते संत फिओनान. पुरावा मागितला तर हाती काही लागत नाही. आणि बेटाला नाव आहे ते मायकेल या देवदूताचं. म्हणजे संस्थापक दंतकथेतला आणि मालक आभाळातला. खरी वस्तू काय, तर पायऱ्या. त्या पायऱ्या कुणीतरी वाहिल्यात, घडवल्यात, बसवल्यात. मी गोदीत काम करतो. उभ्या शिडीवरून ओझं घेऊन चढताना गुडघ्याची वाटी कशी बोलते ते मला ठाऊक आहे. हे पिच्चर बघताना सगळी पोरं तलवारीकडं बघत होती, माझा डोळा मात्र त्या पायऱ्यांवर होता. एवढे दगड समुद्राच्या वाऱ्यात बसवताना किती जण खाली गेले असतील? त्यांना संत कुणी म्हटलं नाही.

पिच्चरमध्ये या पायऱ्या कोण राखतं? इथं मी ताठ बसलो. बेटावर मूळच्या रहिवासी बाया आहेत. माशासारखं तोंड, पक्ष्यासारखे पाय, अंगात मठातल्या नन्ससारखे पांढरे झगे. त्या हातगाडीवर दगड ओढतात, कपडे धुतात, झोपड्यांची डागडुजी करतात. रे नावाची तरुण पोरगी तलवारीचा सराव करताना एक कडा तोडते. तो तुकडा खाली जाऊन यांच्या हातगाडीचा चुराडा करतो. बाया वर बघतात. थिएटरात हशा पिकतो. पुढं तिच्याच भानगडीत झोपडीचं दगडी छप्पर उडतं. तेही पुन्हा यांच्याच गळ्यात. रे विचारते, या कोण? ल्यूक सांगतो, या केअरटेकर. जेडायांनी इथं बांधकाम केलं तेव्हापासून याच ते सांभाळतात.

तेव्हापासून! कान देऊन ऐका. आद्य जेडाय होता त्या काळापासून. पंथ वाढला, गगनाला भिडला, सत्तेत गेला, बुडाला. जेडाय हे बेट विसरून गेले. ल्यूकला ते धुंडाळत यावं लागलं. बाया मात्र झाडत होत्या. पंथात ज्येष्ठ झाले, गुरू झाले, गुरूंचे गुरू झाले. यातल्या एका बाईला कुणी विचारलं नाही की बये, तुझ्यातही ती शक्ती आहे काय? ती शक्ती सगळ्या चराचरात आहे ना? मग झाडू मारणाऱ्या हातात नाही? त्यांना नाव कोणतं? केअरटेकर. म्हणजे काम हेच नाव. आपल्याकडं याला काय म्हणतात ते मी सांगायची गरज नाही. तुम्ही शाळेच्या दाखल्यावर वाचलंय.

कुणी म्हणेल, त्या आपखुशीनं करतात, त्यांची श्रद्धा आहे. असेल. श्रद्धा तर आमच्या आज्याचीही होती. गावकीचं मेलेलं ढोर ओढणं हा आपला मान आहे असं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते मानलं होतं. पिढ्यान् पिढ्या आपखुशीनं झाडणारी माणसं तयार करणं, हीच तर व्यवस्थेची करामत.

आता त्या चित्राचा अर्थ बघू. अर्धा उजळ, अर्धा काळा. अर्थ काय, तर संतुलन. सारं विश्व तोलून धरलंय आणि जेडायनं तो तोल राखायचा. ऐकायला गोड वाटतं. पण तोलाचा भाव काय पडतो ते एका प्रसंगात उघडं झालं होतं. तो प्रसंग पिच्चरमधून कापला. डिस्क निघाली तेव्हा कापलेल्या भागांत तो लोकांना बघायला मिळाला. रात्री बेटाच्या किनाऱ्यावर होड्या येताना दिसतात. ल्यूक रेला सांगतो की हे लुटारू आहेत, आता या बायांच्या वस्तीवर पडतील. ती धावत सुटणार, तर हा तिला आडवतो. म्हणतो, खरा जेडाय आत्ता काही करणार नाही. तू यांना आज हुसकावशील आणि ते पुढच्या महिन्यात जास्त ताकदीनं येतील, तेव्हा तू इथं असशील काय? तोल राखता येत असेल तरच हात उचलायचा, मग माणसं मेली तरी चालतील. तुझ्या पोटात आत्ता जी आग पेटलीय तिच्याकडं दुर्लक्ष कर, असं आमचे ग्रंथ सांगतात.

पोरगी ऐकत नाही. तलवार उपसून वस्तीवर धावते. बघते तर तिथं जत्रा भरलीय. होडीतून आलेत ते लुटारू नाहीत, याच बायांचे मासेमार गडी आहेत. महिन्यातून एकदा घरी येतात आणि सगळे नाचतात. ल्यूकनं धडा शिकवायला थाप मारली होती. धडा असा की बघ, जगाला तुझ्यासारखी धावून जाणारी माणसं पाहिजेत, आमचा पंथ आणि त्याची पुस्तकं नकोत. म्हणजे म्हाताऱ्यालाही पटलेलं होतं. त्याच्या तोंडून पंथाचा गुन्हा कबूल होत होता. तोच भाग कात्रीत गेला. त्यानं पिच्चरचा वेग अडत असेल, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की पंथाची खरी व्याख्या तिथं होती.

‘संतुलन’ हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. गावगाड्यातही संतुलन होतं. प्रत्येकाला आपली जागा होती, आमची गावाच्या बाहेर होती. कुणी पाटलाच्या विहिरीवर गेला की तोल जात होता. मग तोल सांभाळायला घरं पेटत होती. तराजू सरळ दिसतो तेव्हा खाली बघावं. एक पारडं कुणाच्या तरी पाठीवर टेकलेलं असतं.

या तोलवाल्या पंथानं सत्तेत असताना काय केलं? तीन गोष्टी सांगतो, तिन्ही त्यांच्याच पुराणातल्या.

पहिली. 1999 च्या पिच्चरमध्ये क्वाय-गॉन हा थोर जेडाय एका वाळवंटी ग्रहावर उतरतो. तिथं श्मी नावाची गुलाम बाई आणि तिचं नऊ वर्षांचं पोर, अनाकिन. पोराला वाटतं, जेडाय आलाय म्हणजे आम्हाला सोडवायला आलाय. क्वाय-गॉन सांगतो, मी काही गुलाम सोडवायला आलेलो नाही. मग रक्त तपासून बघतो. रक्तात मिडीक्लोरियन म्हणून सूक्ष्म जीव असतात, त्यावरून शक्ती मोजायची. पोराचा आकडा वीस हजारांच्या वर निघतो. मग पोरावर पैज लागते, आईवर नाही. पोर सुटतं, आई मागं राहते. त्या पंथाकडं यानं होती, तलवारी होत्या, राजधानीत भलंमोठं मंदिर होतं. दहा वर्षांत एक जण त्या बाईकडं फिरकला नाही. तिची सुटका केली ती एका साध्या शेतकऱ्यानं, विकत घेऊन आणि तिच्याशी लग्न करून. शेवटी ती हाल होऊन पोराच्या हातात मरते आणि ते पोर पुढं डार्थ व्हेडर होतं. सारी दुनिया म्हणते की तो काळ्या शक्तीच्या नादी लागला. मी म्हणतो, तुम्ही त्याची आई गुलामीत ठेवली, तो हिशेब कुठं मांडलाय? जोतीबांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं त्यांना. त्याच अमेरिकेतल्या माणसानं सव्वाशे वर्षांनी पुराण लिहिलं आणि त्यातला साधू गुलाम बाईला म्हणतो, ते माझं काम नाही.

दुसरी गोष्ट त्या रक्ताची. 1977 साली शक्ती सगळ्यांभोवती होती. म्हातारा ओबी-वन सांगत होता की ती प्रत्येक सजीवातून वाहते. बावीस वर्षांनी ती रक्ताच्या थेंबात जाऊन बसली आणि आकड्यात मोजू लागली. रक्ताचा आकडा लागला की पुढं काय लागतं ते आम्हाला कुणी शिकवू नये. शुद्ध-अशुद्धाचं दुकान तिथूनच उघडतं.

तिसरी गोष्ट, 2002 सालची. पंथाला फौज मिळते. एकाच माणसापासून कारखान्यात वाढवलेले सैनिक. दोन लाख तयार, आणखी दहा लाख वाटेवर. लवकर वाढावेत आणि हुकूम मोडू नयेत, असे जन्मापासूनच घडवलेले. त्यांना नावाऐवजी नंबर. जेडाय त्यांचे सेनापती होतात. न्यायाची राखण करणाऱ्या या साधूंच्या सभेत कुणी उठून विचारत नाही की या माणसांना लढायचंय काय? मरायला जन्माला घातलेल्या जातीचं पुढारीपण त्यांनी निमूट घेतलं. मग 2005 च्या पिच्चरमध्ये एक हुकूम सुटतो आणि तीच फौज जेडायांना गोळ्या घालते. प्रेक्षक रडतात. रडा. पण ती फौज कुणी विनातक्रार वापरली, तेही आठवा.

मी एकतर्फी लिहितोय असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी कबूल करतो. लुकासनं 1977 सालच्या पिच्चरची उभारणी करताना कुरोसावाचा 1958 सालचा ‘हिडन फोर्ट्रेस’ डोळ्यापुढं ठेवला होता. त्यात सरदार-राजकन्येची गोष्ट दोन फाटक्या शेतकऱ्यांच्या नजरेतून सांगितलीय. लुकासनं त्या जागी दोन यंत्रं घातली, राबणारी यंत्रं. दारूच्या गुत्त्यावर मालक त्यांना आत घेत नाही. तो प्रसंग आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे खालून बघण्याची नजर त्याच्याकडं होती. पुढं ती तलवारीच्या उजेडात दिपली.

दुसरं, 2017 च्या पिच्चरचा लेखक-दिग्दर्शक रायन जॉन्सन यानं पंथाला आरसा दाखवायची हिंमत केली. त्याचा ल्यूक स्पष्ट सांगतो की जेडायांचा वारसा म्हणजे अपयश. ऐन भरात असताना यांच्या नाकाखाली हुकूमशहा वाढला. त्याच पिच्चरमध्ये ल्यूक मशाल घेऊन पंथाचे मूळ ग्रंथ जाळायला निघतो. एका जुन्या झाडाच्या ढोलीत ते ठेवलेत. झाडापाशी जातो आणि त्याचा हात थांबतो. तेवढ्यात त्याच्या मेलेल्या गुरूचं, योडाचं, भूत येतं आणि वीज पाडून झाडच पेटवतं. तर ल्यूक काय करतो? ग्रंथ वाचवायला धावतो!

मला महाड आठवलं. 25 डिसेंबर 1927. तिथं वीज पडायची वाट कुणी बघितली नाही. आपल्या हातांनी, भर सभेत, ठराव करून मनुस्मृती जाळली. मशाल धरणाऱ्याचा हात कापला नाही, कारण त्या पोथीनं आपल्याला काय दिलं ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं. ल्यूकचा हात कापतो, कारण पोथीनं त्याला गादी दिली. आणि शेवटाला दिग्दर्शक हळूच एक खण उघडून दाखवतो. ग्रंथ जळालेच नाहीत. रेनं ते आधीच यानात आणून ठेवलेत. झाड जळालं, पोथ्या शाबूत. सुधारकांची क्रांती बहुतेक अशीच असते.

रेबद्दल बोललंच पाहिजे, कारण ती आपल्यातली वाटली होती. मोडक्या यानांतलं भंगार काढून, घासूनपुसून विकायचं आणि त्यावर अर्धी-पाव भाकर मिळवायची, असं तिचं जगणं. दारूखान्यात जुनी जहाजं तोडणारी पोरं मी बघितलीत. तिचा चेहरा मला अनोळखी नव्हता. आठव्या भागात तिला कळतं की तिचे आईबाप कुणी नव्हते, भंगारवाले होते, दारूसाठी त्यांनी पोर विकली. मला वाटलं, जिंकलो. कुळ नाही, रक्त नाही, तरी शक्ती आहे. आणि त्या पिच्चरचा शेवट तर काळजात घुसला. शर्यतीच्या तबेल्यातलं एक राबणारं पोरगं. मालक त्याला हाकलतो. ते बाहेर येतं, हात पुढं करतं आणि कोपऱ्यातला झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. झाडू! थोडं झाडतं. मग तोच झाडू तलवारीसारखा धरून आभाळाकडं बघत उभं राहतं. मी टाळी वाजवली होती. पहिला जेडाय असाच असणार असं मला वाटलं. कुंडातलं चित्र खोटं, हे खरं.

दोन वर्षांनी, 2019 ला, सगळं परत घेतलं. रे निघाली सम्राट पॅल्पटिनची नात. मोठ्या घराण्याचं रक्त. शेवटी आडनाव लावते तेही दुसऱ्या मोठ्या घराण्याचं, स्कायवॉकर. आणि ते झाडूवालं पोरगं त्या पिच्चरमध्ये कुठंही दिसत नाही. महाभारतात एकलव्याचा निदान अंगठा मागितला होता. इथं अख्खं पोरगंच कापलं.

आता मला आपल्याकडं वळायचंय, कारण दुसऱ्याचं वाभाडं काढून टाळ्या घेणं सोपं आहे.

आपलाही एक संस्थापक आहे, संघ स्थापन करणारा. पण त्याला नाव आहे, गाव आहे, आई आहे, बाप आहे, म्हातारपण आहे, पोट बिघडून आलेलं मरण आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ठासून सांगितलंय की बुद्धानं आपल्या धम्मात स्वतःला कुठलीच खास जागा ठेवली नाही. तो वाट दाखवणारा, मोक्ष वाटणारा नव्हे. गादीवर वारस नेमायलाही त्यानं नकार दिला. आणि त्याच ग्रंथात सुनीताची गोष्ट आहे. राजगृहात रस्ते झाडणारा सुनीत. बुद्ध भिक्षूंसह येताना दिसला तसा तो अंग चोरून भिंतीला चिकटला. बुद्ध त्याच्यापाशी थांबला, बोलला आणि त्याला संघात घेतलं. झाडूवाला भिक्षू झाला. इतकंच नाही, थेरगाथेत त्याच्या नावावर गाथा आहेत. झाडूवाल्याची कविता धर्माच्या ग्रंथात! जेडायांनी हजार पिढ्यांत एका केअरटेकर बाईचं नाव लिहिलं नाही, बुद्धाच्या संघानं सुनीताची कविता ठेवली. संघ आणि पंथ यातला फरक मला याहून सोपा सांगता येत नाही.

पण आपण आज कुणासारखे आहोत? सुनीताच्या संघासारखे की आक्टो बेटासारखे? 29 मे 1972 ला पँथर जन्मली. तिचा खरा संस्थापक कोण, यावर आपल्यात किती लेख, किती पुस्तकं, किती भांडणं झाली! प्रत्येक गटाचा आपला आद्य पँथर. आणि पत्रकं चिकटवणाऱ्या, मोर्च्यात लाठ्या खाणाऱ्या, पोलीस दारात आले तेव्हा पोरांना माळ्यावर लपवणाऱ्या आया-बहिणींची यादी कुणाकडं आहे? बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण त्या सांगणाऱ्यालाच मखरात बसवलं, म्हणजे त्यानं पुन्हा काही सांगू नये. चित्र जितकं मोठं, तितका त्याच्याखाली उभा असलेला पुढारी मोठा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, डोळ्यात पाणी घेऊन येतात. ती आपली ताकद आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण सातच्या पहाटे शिवाजी पार्क झाडायला कोण येतं ते बघा. आपलेच. हातात तोच झाडू.

आमच्या वस्तीतल्या मंडळाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. जयंतीची बैठक होती. मंडळाचा संस्थापक म्हणून पाटीवर कुणाचं नाव आधी घालायचं यावर तीन तास वाद. मीही त्यात होतो, हिरीरीनं बोलत होतो. बाहेर माझी आई आणि शेजारच्या दोघी सतरंज्या झटकत होत्या, चहाचे कप विसळत होत्या. मी बाहेर आलो तेव्हा आई म्हणाली, ‘झालं का तुमचं नाव लिहून? मग आता खोलीतून उठा, झाडायचं आहे.’ मला हसू आलं, मग लाज वाटली. हे मंडळ कुणी चालवलं ते ती मला सांगत होती आणि मी तिला केअरटेकर समजत होतो.

म्हणून माझी संपादकाला आणि आपल्या सगळ्या शाखांना एक सूचना आहे. पुढच्या बैठकीत पाटीचा विषय बाजूला ठेवा. एक वही आणा. शाखा निघाली त्या दिवसापासून सतरंजी कुणी घातली, चहा कुणी केला, वर्गणीचा डबा घेऊन दारोदार कोण फिरलं, जामिनासाठी मंगळसूत्र कुणी मोडलं, त्यांची नावं त्यांना विचारून, आडनावासकट लिहा. त्यांना अध्यक्षाच्या खुर्चीजवळ बसवा आणि बोलू द्या. त्या दिवशी झाडू आपण मारू. अंकाची चार पानं लागली तरी ती नावं छापा, माझ्या कविता तेवढ्या पुढच्या अंकाला ढकला. माझ्या आईचं नाव मी पहिल्या पानावर मागत नाही. यादीत जिथं येईल तिथं येऊ द्या.